न झालेल्या तासांच्या सह्या

अन्याय झाला तो आमच्या पर्यावरणाच्या सरांवर. झाला मार्चच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी साडेदहा वाजता, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आमच्या कॉलेजच्या खोली नंबर सातमध्ये. करणाऱ्यांत प्राचार्य होते, ऑफिसचे मोठे बाबू होते आणि बी.ए. दुसऱ्या वर्षाचा आमचा अख्खा वर्ग होता. वर्गात पहिला नंबर माझा होता. गुणांचा नाही, हजेरीचा.

कॉलेजनंतर मी चळवळीतल्या एका संघटनेत आले तेव्हा पत्रक कसं लिहायचं ते मला शिकवलं गेलं. कुणावर, कुणी, कुठं, केव्हा, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे. दम असेल तर माणूस पुढं वाचतो, नसेल तर त्याच कागदात भजी बांधतो. तेवढं सांगून झालं. पुढचं मात्र पत्रकात बसणारं नाही, कारण सरच पत्रकात बसत नाहीत. मी दोनदा बसवून पाहिले. दोन्ही वेळा त्यांचे गमबूट बाहेर राहिले.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात असायचं. दिल्लीच्या गाड्या यायच्या, मुंबईच्या यायच्या, कॅमेरेवाले आम्हालाच रस्ता विचारायचे आणि संध्याकाळच्या आत परत जायचे. वर्गातल्या बहुतेकांच्या घरी कापूस होता आणि घरून सगळ्यांना एकच सांगणं होतं, शिक आणि इथून नीघ. इंग्रजीचे सर तेच सांगायचे, राज्यशास्त्राचे सर तेच. आम्ही इथंच राहणार आहोत असं धरून शिकवणारा एकच माणूस होता. तो स्वतः कॉलेजात राहणार की नाही, हे मात्र दर जूनमध्ये ठरायचं.

कारण सर तासावरचे होते. पर्यावरण हा विषय सगळ्यांना सक्तीचा करा, असा वरून हुकूम आला होता. शिकवायचं कुणी, ते हुकमात नव्हतं. जागा मंजूर नाही, पद नाही. मग कॉलेजं काय करतात, तर तासावर माणूस ठेवतात. जेवढे तास घेतले तेवढ्यांचा मोबदला, तोही कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. दिवाळीची सुटी म्हणजे उपास. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा "आपण नवीन आहात का?" हा प्रश्न. सरांना हा प्रश्न सात वेळा विचारला गेला होता.

पहिल्या तासाला ते पाठीवर फवारणीचा पंप घेऊन आले. पायात काळे गमबूट. जुलै होता म्हणून गमबुटांचं काही वाटलं नाही. पुढं जानेवारीतही तेच दिसले तेव्हा कळलं की हे पावसासाठी नाहीत. वावरात कधीही जावं लागतं, मास्तर तयार पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सर, वावर तिकडं हाय!"

"वावर कुठी हाय ते मले माहीत हाय, साहेब. तुम्ही समोर या."

सर पोरांना साहेब म्हणायचे, पोरींना मॅडम. शिपायालाही साहेबच. प्राचार्यांना मात्र नुसतं 'तुम्ही'. घर त्यांचं शहरातलं, वडील तहसील कचेरीत नाजर, भाऊ नागपुरात मोठ्या नोकरीत. पुस्तकी बोलायला त्यांना काही अडचण नव्हती, पण वर्गात ते वऱ्हाडीशिवाय बोलायचे नाहीत आणि ऑफिसात वऱ्हाडी बोलायचे नाहीत.

तो पोरगा समोर आला. सरांनी पंप त्याच्या पाठीवर चढवला. "बाप मारते तसा मारा. पंखा चालू राहू द्या, वारं असतेच वावरात." पोरगा हसत हसत दोन बाकांच्या मधून फवारत गेला. आम्ही किंचाळत होतो. दोन मिनिटांनी सरांनी त्याला थांबवलं आणि म्हणाले, आता एकमेकांचे कपडे पाहा.

पाण्यात नीळ होती. पांढऱ्या शर्टांवर, ओढण्यांवर, कपाळांवर निळे ठिपके. फवारणाऱ्या पोराची पँट मांडीपर्यंत ओली निळी. त्याच वेळी व्हरांड्यातून चाललेल्या इंग्रजीच्या सरांची बाहीसुद्धा.

"पंपात आज पानी होतं. घरी काय असते?"

"औषध."

"काय असते?"

"औषध, सर."

"औषध बिमार मानसाले देतेत. पंपात जहर असते. माह्या वर्गात जहर म्हनाचं."

त्या दिवसानंतर कुणी 'औषध' म्हटलं की सरांना ऐकू यायचं नाही. खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. तास संपल्यावर त्यांनी खिशातून साबणाची वडी काढली आणि नळावर जाऊन बसले. ज्याला शर्ट धुवून हवा त्यानं आणावा. तिघांनी आणला. इंग्रजीच्या सरांचाही त्यांनी धुतला, आणि तो वाळेपर्यंत इंग्रजीचे सर स्टाफरूममध्ये बनियनवर बसून होते. त्यांनी तक्रार केली. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. सरांनी लेखी खुलासा दिला म्हणतात. त्यात माफीचं एक वाक्य आणि पंपाच्या नोझलवर दीड पान होतं.

त्यांचा एक प्रश्न होता. काहीही सांगा, सर विचारायचे, "पाह्यलं का आयकलं?" पाणी खोल गेलं सर. पाह्यलं का आयकलं? पांढरी माशी आली सर. पाह्यलं का आयकलं? वंदीनं, म्हणजे माझ्या मैत्रिणीनं, एकदा सांगितलं की सर, माझं लग्न ठरलं. सर सवयीनं विचारून गेले. वर्ग पाच मिनिटं हसला. वंदी म्हणाली, "आयकलं, सर. पाह्यला नाई अजून." त्यावर मात्र सर हसले नाहीत. "पाहून घ्या मॅडम," म्हणाले, आणि फळ्याकडं वळले.

त्यांचं स्वतःचं जमलं नव्हतं. दिग्रसला बसस्टँडमागं एका खोलीत एकटे राहायचे. एकदा मुलीकडचे लोक कॉलेजात चौकशीला आले होते असं शिपाई सांगायचा. त्यांनी व्हरांड्यातला प्राध्यापकांच्या नावांचा फळा वाचला, वरून खाली, मग खालून वर. चहा न घेताच गेले. तासावरच्यांची नावं फळ्यावर नसतात. त्यांची सहीसुद्धा वेगळ्या रजिस्टरवर असते. स्टाफरूममध्ये खुर्च्या मोजून होत्या आणि प्रत्येकीवर कुणाचा तरी रुमाल असायचा. सर डबा सायकल स्टँडमध्ये खायचे, पंप आडवा टाकून त्यावर बसून. आम्ही पोरी तिथून सायकली काढायला गेलो की ते डबा झाकायचे. काय खातात ते दिसू नये म्हणून असेल. आम्हीही पाहिलं न पाहिलं करायचो. एकदा तरी 'सर, या इकडं, आमच्यात बसा' म्हणायला काय हरकत होती? कुणी म्हटलं नाही.

संध्याकाळी ते बसस्टँडवर दिसायचे. दिग्रसची गाडी लागलेली असायची, पण सर पहिल्या गाडीत कधी बसायचे नाहीत. आर्णीकडून, पुसदकडून येणाऱ्या गाड्यांच्या कंडक्टरना गाठायचे.

"तिकडं आभाळ कसं?"

"बरं हाय, सर."

"बोंडं फुटली का रस्त्याच्या बाजूची?"

"सर, मी तिकिटं फाडू का बोंडं पाहू?"

पण सांगायचे. कंडक्टर लोकांनी त्यांना 'हवामान खातं' नाव ठेवलं होतं आणि बिचाऱ्या खात्याला रिकामं पाठवायचं नाही असा त्यांचा शिरस्ता होता. सर सगळं लिहून घ्यायचे. मला तेव्हा वाटायचं, केवढा अभ्यास! आता वाटतं, दिवसभरात त्यांच्याशी आपणहून बोलणारी माणसं तेवढीच होती.

कॉलेजच्या फाटकासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. तिथं पर्यावरणाचा प्रकल्प तयार मिळायचा. कव्हर, चित्रं, निष्कर्ष, सगळं. फक्त नाव टाकायचं. विषय असायचा गंगा नदीचं प्रदूषण. आमच्या आधीच्या सगळ्या वर्गांनी गंगेचं प्रदूषण करून गुण घेतले होते. सरांनी तो प्रकल्प स्वतः विकत आणला आणि वर्गात मोठ्यानं वाचला. मग विचारलं, "गंगा कोनं कोनं पाह्यली?" एकानंही हात वर केला नाही.

"मंग घरच्या वावराचं लिवा."

अशी फवारणीची वही निघाली. प्रत्येकानं आपल्या घरची ठेवायची. कोणत्या दिवशी मारलं, जहराच्या डबीवरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, किती पंप, कालवलं कुणी, काडीनं की हातानं, अंगावर काय होतं, नंतर हात धुतले का. आणि शेवटचा रकाना: त्यानंतर वेचायला कोण गेलं, किती दिवसांनी. हा रकाना सरांनी सगळ्यात रुंद आखायला लावला होता. घरोघरच्या वह्यांत त्या रकान्यात एकच उत्तर यायचं. आई. आई. काकू. आई.

माझे बाबा म्हणाले, "हे कायले लिवून राह्यली व? पेपरात देतं का?"

"नाई बाबा. कॉलेजात मार्क भेटतेत."

"मंग लिव. पन माहं नाव नको टाकू."

मी ऑक्टोबरपर्यंत नेमानं लिहिलं. मग एका दुपारी काकू वेचता वेचता वावरात बसली, ओकली, आणि बैलगाडीत घालून आणावी लागली. दुसऱ्या दिवशी उठून बसली. मी वही काढली तेव्हा बाबांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी वही ट्रंकेत घातली. डिसेंबरमध्ये सरांनी मागितली, मी म्हटलं आणते. जानेवारीत मागितली, म्हटलं आणते. फेब्रुवारीत ते मागायचे थांबले. पण यादीत माझ्या नावापुढची जागा त्यांनी रिकामीच ठेवली, शून्य टाकलं नाही.

आता अनुदानाचं सांगते.

शाश्वत विकासाचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजांना सरकार पैसे देणार, असं परिपत्रक कधीतरी ऑफिसात आलं होतं आणि खिळ्याला अडकवून ठेवलं होतं. सरांनी ते वाचलं. आमच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्याच्या सुटीत, स्वतःच्या नोंदवह्या घेऊन, प्रस्ताव त्यांनी एकट्यानं लिहिला. त्या दोन महिन्यांचा त्यांना मोबदला नव्हता, हे लक्षात ठेवा. मागणी साधी होती. एक खोली, माती आणि पाणी तपासायचं टेबल, वह्या ठेवायला कपाट, गावागावांतल्या बायांसाठी आणि आमच्यासारख्या पोरापोरींसाठी दर शनिवारी वर्ग, आणि हे सगळं चालवायला एक कायम पद. मंजुरी आमच्या वर्षी ऑगस्टात आली. पद सोडून सगळं मंजूर. पगारावर खर्च करता येणार नाही, अशी अट होती. सरकारची ही तऱ्हा मला आजवर कळलेली नाही. टेबलाला पैसे आहेत, कपाटाला आहेत, शिकवणाऱ्याला नाहीत.

सरांनी तेही चालवून घेतलं. त्यांना खोली नंबर सात मिळणार होती. मी त्यांना एवढं खूश पाहिलं ते तेव्हाच. त्यांनी रिकाम्या खोलीच्या फरशीवर खडूनं आखणी केली. इथं टेबल, इथं बेसिन, इथं कपाट. आणि आम्हाला बोलावून दाखवलं. गमबूट घालून ते त्या रेघांच्या मधून चालायचे, रेघेवर पाय पडू द्यायचे नाहीत. जिथं नळ येणार तिथं थांबून हवेत नळ सोडायचे आणि हात धुतल्यासारखं करायचे. "या मॅडम, तिकडून नका येऊ, तिकडं कपाट हाय." आम्ही खरंच वळसा घालून गेलो.

टेबल आलं नाही. विचारलं की प्राचार्य म्हणायचे, "प्रक्रिया सुरू आहे." डिसेंबरात फाटकापाशी खोदकाम सुरू झालं. सरांना वाटलं पाण्याची लाइन. ती कारंज्याची होती, टेबलाच्याच पैशांतून. जानेवारीत हिरवळ अंथरली. फेब्रुवारीत सिमेंटचे पेंग्विन आले. कचरा टाकायला, तोंड उघडे, सहा पेंग्विन. यवतमाळच्या उन्हात! वर लोखंडी कमान, 'पर्यावरण उद्यान'. गावाला नळ चार दिवसांआड आणि हिरवळीला टँकर. पुढं कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती आणि समितीला उद्यान दिसतं, वही दिसत नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी फीत कापली. हार घालायच्या वेळी सर कुठं आहेत म्हणून कुणीतरी शोधलं. सर पेंग्विनांपाशी उभे राहून एकाच्या तोंडात वाकून बघत होते.

सर दर आठवड्याला लेखी विचारायला लागले. उत्तर नाही. मार्चअखेरीला खर्चाचा हिशेब वर जाणार, सोबत शनिवारचे वर्ग घेतल्याचा पुरावा जाणार. समन्वयक म्हणून सरांची सही हवी होती. सरांनी शुद्ध मराठीत सांगितलं, "वर्ग झालेले नाहीत. मी सही करणार नाही."

म्हणून मग आमची.

त्या शनिवारी मोठे बाबू खोली नंबर सातमध्ये हजेरीपत्रकांचा गठ्ठा घेऊन आले. आमचा वर्ग त्या दिवशी मुद्दाम तिथं बसवला होता. फरशी पुसलेली होती. बाबू वाईट माणूस नव्हे. फॉर्मची तारीख गेली तर तोच सांभाळून घ्यायचा.

"पोरीहो, कागद लागते वर पाठवाले. सगळ्या शनिवारच्या सह्या करून द्या. प्रकल्पाचे मार्क लागून जातीन, वही देल्ली काय न नाई देल्ली काय."

"पन बाबूजी, वर्ग झाले कुठी?" वंदीनं विचारलं.

"तू शिबिराले गेलती का मागच्या साली?"

"नाई."

"प्रमाणपत्र भेटलं का नाई?"

"भेटलं."

"मंग?"

आमच्याकडं असंच चालायचं. शिबिर, व्याख्यानं, वृक्षारोपण, सगळ्याची हजेरी एकदम भरायची. कुणाला ते खोटं वाटायचंच नाही. सही म्हणजे खरं-खोटं नव्हे, सही म्हणजे कॉलेजला मदत. बाबूनं गठ्ठा माझ्यासमोर ठेवला, कारण यादी माझ्यापासून सुरू व्हायची. पेनचं टोपण त्यानंच काढून दिलं. मी सही केली. एक नाही, प्रत्येक शनिवारची एक. हात दुखेपर्यंत. मग गठ्ठा वंदीकडं सरकवला. मी नाही म्हटलं असतं तर वंदीही नाही म्हणाली असती. ती वाट बघत होती माझी. एवढं मला पक्कं माहीत आहे.

मान वर केली तर दारात सर. त्यांचा तास होता. किती वेळ उभे होते माहीत नाही. बाबू शेवटच्या बाकापर्यंत जाऊन गठ्ठा गोळा करून निघाला, सरांनी त्याला वाट दिली.

"झालं का, साहेब? मी येऊ?"

आले. हातातल्या पिशवीतून डब्यांवरचे कागद काढले आणि त्रिकोणाचे रंग शिकवले. लाल सगळ्यात वाईट, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घंटा झाल्यावर नेहमीसारखं विचारलं, काही शंका? कुणाला शंका नव्हती.

एप्रिलमध्ये सरांनी अनुदान देणाऱ्या खात्याला तक्रार केली. जूनमध्ये तासावरच्या जागांसाठी सरांनी अर्ज टाकला, आणि अर्ज मिळालाच नाही असं कॉलेजनं कळवलं. ऑगस्टात चौकशीचा अधिकारी आला. सरांना तक्रारदार म्हणून बोलावलं होतं. सात वर्षं ज्या कॉलेजात शिकवलं तिथं त्यांना प्राचार्यांच्या दाराबाहेर शिपायाच्या स्टुलावर बसवलं. शिपाई लाजून पाणी आणायला गेला तो आलाच नाही. मग खात्री करायला म्हणून अधिकाऱ्यानं मला आत बोलावलं. सरांनाही आत घेतलं.

अधिकाऱ्यानं सह्यांचा कागद सरांच्या हातात दिला, सरांनी तो पाहून परत केला. मग अधिकारी माझ्याकडं वळला.

"ही सही तुझीच?"

"हो."

"हे वर्ग झाले होते?"

प्राचार्य टेबलावरची पिन उचलून बघत होते. माझा शिष्यवृत्तीचा फॉर्म त्याच टेबलावर होता, मला तो दिसत होता. मी म्हटलं, "सही माझीच आहे."

अधिकाऱ्यानं पुन्हा विचारलं नाही. त्यालाही जेवायला उशीर होत होता. तक्रारीत तथ्य नाही, असा अहवाल गेला. सर उठले, मला 'येतो मॅडम' म्हणाले, आणि फाटकातून बाहेर पडले. उद्यानातून जवळची वाट होती. ते बाजूनं गेले.

मला पुष्कळ जण विचारतात, तू चळवळीत कशी आलीस. मी काहीतरी सांगते. खरं कारण प्राचार्यांचं ते टेबल आहे.

पुढं तीन वर्षांनी संघटनेच्या कामासाठी वणीकडं गेले होते. राजूरला कोळशाच्या धुळीबद्दल माहिती घेत हिंडत होतो, तेव्हा एका बाईनं सांगितलं, "आमच्या गल्लीत एक मास्तर हायेत, ते खिडकीत ताटल्या ठेवतेत न धूळ मोजतेत. येडे हायेत थोडे." मी बाकीच्यांना पुढं पाठवलं आणि एकटी गेले.

एक खोली. खिडकीत सात स्टीलच्या ताटल्या, प्रत्येकीवर वाराची चिठ्ठी. एक खाट, एक खुर्ची. खाण कामगारांच्या पोरांच्या शिकवण्या घेत होते. गमबूट दारात. केस सगळे पांढरे. खुर्ची मला दिली आणि स्वतः उभे राहिले, जसं काही मीच तपासणीला आले आहे.

"या मॅडम. पानी घ्या."

पाणी प्याले. मग म्हटलं, "सर, त्या हजेरीवर पहिली सही माझी होती."

"हो. पाह्यली मी."

"मी त्या अधिकाऱ्याले खोटं नाई बोलली सर, पन..."

"खरंबी नाई बोलल्या."

बाहेरून ट्रक गेला. सरांनी सोमवारच्या ताटलीवर फडकं झाकलं.

"माफ करा सर."

"माफीचं मी काय करू, मॅडम? ती फायलीत लागत नाई. मी दरसाली अर्ज करतो. दरसाली एकच उत्तर येते, विद्यार्थ्यांच्या सह्या आहेत. त्याईच्या बाजूनं अख्खा वर्ग हाय न माह्या बाजूनं मी एकटा. लिहून द्या. तास झाले नाई, सही मागतली, मी केली. खाली नाव न गाव."

त्यांनी कोरा कागद काढून माझ्यासमोर ठेवला. मला माझी गुणपत्रिका आठवली, त्यातले प्रकल्पाचे गुण. आणि धाकटा भाऊ आठवला, त्याच वर्षी त्याच कॉलेजात गेलेला, त्याच टेबलावर फॉर्म ठेवून आलेला. मोर्चात माझा आवाज सगळ्यांत मोठा असतो. तिथं माझ्या तोंडून निघालं, "घरी जाऊन लिहिते, सर."

"बरं," ते म्हणाले. "तुमच्या गाडीची वेळ झाली."

मला पोचवायला थांब्यापर्यंत आले. गाडी आली तसं त्यांनी कंडक्टरला विचारलं, तिकडं आभाळ कसं आहे. हा कंडक्टर त्यांना ओळखत नव्हता. त्यानं उत्तर दिलं नाही, घंटी मारली.

ह्या उन्हाळ्यात भाऊ पास होऊन बाहेर पडला. म्हणजे मी माझ्या भावाचं आवरेपर्यंत थांबले, हे मी लपवत नाही. काल मी ते लिहून दिलं. एक प्रत खात्याला रजिस्टर पोस्टानं, एक सरांना. वंदीला फोन केला. ती म्हणाली, नवऱ्याला विचारून सांगते. बाकीच्यांचे पत्ते शोधते आहे.

एका कागदानं काही होणार नाही, हे मला कळतं. एक सही मागं घेतली तर वर्गातल्या बाकीच्या शिल्लक आहेत. त्यावर ते पेंग्विन आणखी वीस वर्षं उभे राहतील आणि सर एकटेच खोटे ठरतील. आणि हे एका कॉलेजाचं नाही. ज्या ज्या कॉलेजात पर्यावरणाचे पैसे आले आणि माणूस आला नाही, तिथं कुणीतरी वर्गात गठ्ठा फिरवला आहे आणि कुणीतरी सह्या केल्या आहेत.

तुम्ही केली असेल. आठवा. न झालेल्या तासाची, न झालेल्या शिबिराची, न लावलेल्या झाडाची. मग एक कागद घ्या आणि लिहा: काय झालं नाही, सही कुणी मागितली, मी ती का केली. खाली स्वतःचं खरं नाव आणि गाव लिहा. ज्या खात्यानं पैसे दिले त्याच्या नावानं तो कागद आजच्या टपालात टाका. घरी जाऊन नाही. आत्ता, बसल्या जागी लिहा.